सीडी प्लेअरचा लेझर खरंच 'संपतो' का? की सगळं खापर त्याच्यावरच?

तबकडीवेडा:

मंडळी नमस्कार, जरा सल्ला हवाय. घरी एक जुना सीडी डेक आहे, ॲम्प्लिफायरच्या डोक्यावरच ठेवलेला असतो, रोज संध्याकाळी वाजतो. हल्ली त्याचे नखरे सुरू झालेत. डिस्क टाकली की आत काहीतरी कुरकुर करतो, जरा फिरवून बघतो आणि 'नो डिस्क' दाखवून मोकळा. ट्रे बाहेर काढून परत आत ढकलला की कधी वाचतो कधी नाही. एकदा वाचली की पहिली गाणी एकदम मस्त, पण शेवटाकडे गेलं की अडखळायला लागतो, तोच तोच तुकडा परत परत. आणि रिरायटेबल सीडी तर आता अजिबातच घेत नाही, पूर्वी घ्यायचा.

दुरुस्तीवाल्याकडे नेला तर त्याने झाकणसुद्धा न उघडता सांगितलं, लेझर गेला, वय झालं त्याचं, आता पार्ट मिळत नाही, टाकून द्या. मला काही पटलं नाही पण उलट बोलायला आपल्याला त्यातलं कळतं कुठे.

मला कळत नाही ते असं की लेझर म्हणजे झिजणारी वस्तू आहे का? टेपच्या हेडवर टेप घासते ते समजू शकतो, इथे तर नुसता प्रकाश पडतो डिस्कवर, मग झिजतं काय? आणि झिजत असेल तर साधारण किती तास चालतो? मी बऱ्याचदा पॉजवर टाकून फोनवर बोलत बसतो, त्याने काही होतं का? घरी राइट केलेल्या सीडींनी लेझर लवकर जातो असं एक मित्र छातीठोकपणे सांगतो, त्यात तथ्य आहे का? आणि शेवटचं, एका व्हिडिओत दाखवलंय की लेन्सच्या बाजूला बारीक स्क्रू असतो तो किंचित फिरवला की पॉवर वाढते आणि प्लेअर नव्यासारखा होतो. करून बघू का? स्क्रूड्रायव्हर हातात घेऊनच बसलोय 😄

प्रीसेट_नको:

स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा आधी. बाकीचं रात्री सविस्तर लिहितो.

ढगातलागाणारा:

सगळं ऑनलाइन ऐकायला मिळत असताना कशाला जीव जाळताय राव

तबकडीवेडा:

@ढगातलागाणारा जाळून घ्यायला आवडतं 😄 शिवाय माझ्याकडच्या अर्ध्या डिस्क ऑनलाइन कुठे सापडतच नाहीत.

प्रीसेट_नको:

हां, आता बसलो निवांत.

घासत काहीच नाही हे तुमचं बरोबर. पण लेझर डायोड म्हणजे सेमीकंडक्टरचा अगदी बारीक तुकडा, त्यातून करंट गेला की प्रकाश निघतो, आणि त्याला एक थ्रेशोल्ड असतो. त्या करंटच्या खाली तो साध्या एलईडीसारखा मिणमिणतो, वर गेला की खरा लेझर होतो. वापराने आणि मुख्य म्हणजे उष्णतेने क्रिस्टलमधले बारीक दोष वाढत जातात आणि हा थ्रेशोल्ड हळूहळू वर सरकतो. मग तेवढाच प्रकाश काढायला जास्त करंट लागतो. नवा असताना समजा ४५ मिलिॲम्पियरला भागत असेल तर म्हातारपणी ५५ लागतील, ६० लागतील. झिजणं म्हणतात ते एवढंच.

आता गंमत बघा, हे बाहेरून कळत नाही. डायोडच्या त्याच डबीत मागच्या तोंडाला एक छोटा फोटोडायोड बसवलेला असतो, तो मागून निघणारा थोडासा प्रकाश बघून सर्किटला सांगत राहतो की कमी पडतोय, वाढव. याला एपीसी म्हणतात, ऑटोमॅटिक पॉवर कंट्रोल. त्यामुळे लेझर बल्बसारखा वर्षागणिक मंद मंद होत जात नाही, प्रकाश तेवढाच राहतो आणि करंट चोरून वाढत जातो. सर्किटची करंट द्यायची ऐपत संपली की मग प्रकाश कमी व्हायला लागतो, आणि तोपर्यंत डायोड तापूनही जास्त राहिलेला असतो, म्हणून शेवटचा टप्पा तसा लवकर आटोपतो.

आणि हा पहारेकरी बसलाय डायोडच्या मागे! पुढे लेन्सवर धूळ बसली, सिगरेटचा धूर बसला, आतल्या आरशावर धुकट थर आला, याला त्यातलं काही दिसत नाही. तो म्हणणार प्रकाश बरोबर चाललाय. इकडे डिस्कपर्यंत कमी पोचतो, परत येताना त्याच घाणीतून आणखी कमी येतो, आणि प्लेअर म्हणतो 'नो डिस्क'. म्हणजे म्हातारा लेझर आणि घाणेरडी लेन्स, दोन्हीची लक्षणं बाहेरून डिट्टो सारखी. झाकण न उघडता लेझर गेला म्हणणाऱ्याने नेमकं हेच तपासलेलं नसतं, आणि माझ्या मते बहुतेक वेळा तो चूक असतो.

तासांचं विचाराल तर एक आकडा नाही देता येत. डेटाशीटवर तास लिहिलेले असतात ते ठराविक तापमानाला आणि ठराविक पॉवरला, आणि तेही सरासरी, तुमच्या हातातल्या एका डायोडची ती गॅरंटी नाही. हिशेबाला १०,००० तास धरा, रोज २ तास वाजवलं तर ५,००० दिवस होतात, म्हणजे साडेतेरा वर्षांच्या वर. पण तापमान हा खरा खेळ आहे. ढोबळ नियम असा की दर १० अंशांना आयुष्य साधारण निम्मं. तुम्ही लिहिलंय डेक ॲम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवलाय. तो आजच खाली उतरवा, बाकी काही केलं नाही तरी चालेल.

पॉज म्हणजे प्लेअरच्या दृष्टीने प्लेच. डिस्क फिरत असते, लेझर चालू असतो, फोकस, ट्रॅकिंग (लेन्सचं अंतर आणि रेघ धरून ठेवणं) सगळं जागेवर पकडून ठेवलेलं असतं, फक्त आवाज बाहेर येत नाही. पाच मिनिटांच्या फोनने काही होत नाही पण पॉजवर टाकून झोपी जाणं म्हणजे रात्रभर तास मोजत बसणं. स्टॉप दाबायची सवय लावा. नुसता प्लेअर ऑन आहे, डिस्क फिरत नाहीये, तेव्हा लेझर बंद असतो, त्याची काळजी नको.

राइट केलेल्या सीडींनी लेझर जातो हे खोटं. वाचताना एपीसी पॉवर एका जागी धरून ठेवतं, समोर कुठली डिस्क आहे ते त्याला माहीतच नसतं. परत आलेला सिग्नल कमी असेल तर प्लेअरच्या आतलाच पुढचा ॲम्प्लिफायर तो सिग्नल मोठा करतो, म्हणजे गेन वाढवतो, लेझर नाही वाढवत. फरक परावर्तनाचा आहे. कंपनीची छापील सीडी ७० टक्क्यांच्या वर प्रकाश परत पाठवते, राइट-वन्सवाली तिच्या आसपास, आणि रिरायटेबल फक्त १५ ते २५ टक्के. म्हणून सिग्नल कुठल्याही कारणाने पडला, लेन्स घाण असो की डायोड म्हातारा, आधी रिरायटेबल बंद पडते. तुमचं अगदी तेच झालंय. तुमच्या मित्राने परिणामाला कारण समजलंय एवढंच.

ओरखडे पडलेल्या डिस्कनेही लेझरला काही होत नाही. तिथे लेन्स हलवणाऱ्या कॉइल्सना नाचावं लागतं, त्या जरा जास्त गरम होतात, सर्व्होची म्हणजे लेन्स जागेवर ठेवणाऱ्या सर्किटची धावपळ होते.

स्क्रूबद्दल उद्या. झोप येतेय.

दुहेरी_थर:

वरच्यांनी छान लिहिलंय, मी डीव्हीडीचं सांगतो कारण तिथे घरच्या घरी एक सोपी चाचणी होते जी सीडी डेकला करता येत नाही.

डीव्हीडी प्लेअरमध्ये लेझर दोन असतात, सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड आणि डीव्हीडीसाठी ६५० चा लाल. (राइट-वन्स सीडीचा डाय, म्हणजे तिच्यातला रंगाचा थर, लाल प्रकाशाला नीट दिसत नाही म्हणून तो इन्फ्रारेडवाला ठेवावाच लागतो, नाहीतर एकात भागवलं असतं.) लेन्स मात्र बहुतेक पिकअपमध्ये (लेझर आणि लेन्स बसवलेला सरकता भाग) एकच, मोटर, पिकअप ज्यावरून सरकतो तो रॉड, गिअर सगळे एकच. तेव्हा सीडी मस्त वाजतात आणि डीव्हीडी एकही घेत नाही असं असेल तर संशय लाल लेझरवर, कारण बाकीचं सगळं सीडीच्या वेळी काम करताना दिसलंच की. उलटं असेल तर उलट. आणि दोन्ही एकदमच अडखळायला लागले असतील तर दोन वेगळे डायोड एकाच महिन्यात म्हातारे झाले असं मानण्यापेक्षा लेन्स पुसून बघा. हे शंभर टक्के पुरावा नाही म्हणता येणार, डीव्हीडीच्या खुणा बारीक असतात, ट्रॅकमधलं अंतर सीडीला १.६ मायक्रॉन आणि डीव्हीडीला ०.७४, त्यामुळे थोडी घाण किंवा लेन्सचा किंचित तिरकेपणा सीडीला चालून जातो तो डीव्हीडीला चालत नाही. पण दिशा कळते.

अजून एक, पिक्चर मध्यावर येऊन थिजतो आणि पुढे जातच नाही अशी तक्रार खूप येते. दोन थरांच्या डीव्हीडीत एका थरावरून दुसऱ्यावर उडी मारायची ती जागा असते. एका थराची डीव्हीडी ४५ ते ८५ टक्के प्रकाश परत देते, दोन थरांची १८ ते ३०. त्यामुळे दोन थरांच्या डिस्क रुसल्या आणि एका थराच्या चालताहेत, तर सिग्नल पडलाय हे नक्की, का पडलाय ते शोधायचं.

जळका_डायोड:

मी जरा विरोधी सूर लावतो. इथे वाचून असं वाटेल की लेझर मरतच नाही. मरतो हो. रेकॉर्डर बघा, लिहिणाऱ्या लेझरला वाचणाऱ्यापेक्षा कितीतरी पट पॉवर लागते आणि ज्या घरात रेकॉर्डर रोज रेकॉर्डिंगला वापरला गेला तिथे डायोडच गेलेला सापडतो, वाचतो सगळं पण लिहिताना एरर. तोच रेकॉर्डर कोणी फक्त पिक्चर बघायला वापरला असेल तर ठणठणीत. शिवाय स्वस्तातल्या डीव्हीडी प्लेअरचे लाल डायोड काय लायकीचे असतात ते सगळ्यांना माहितीये.

आणि दुसरं, हळूहळू म्हातारा होणं हा एकच मृत्यू नाही. डायोडच्या पुढच्या तोंडावर प्रकाशाची दाटी इतकी असते की मर्यादेच्या वर क्षणभर जरी पॉवर गेली तरी ते तोंड वितळून खराब होतं. एका क्षणात. मग करंट जातो, लालसर उजेड दिसतो, पण तो लेझर राहिलेला नसतो, एलईडी झालेला असतो. हाताच्या स्टॅटिकनेही हे होऊ शकतं. आधी चालू असलेला प्लेअर उघडून कोणीतरी पिकअपची रिबन (चपटी केबल) काढली, परत लावली, आणि मग कधीच चालला नाही, यातल्या बऱ्याच केसेस याच.

प्रीसेट_नको:

@जळका_डायोड मान्य, रेकॉर्डरचं तर पूर्णच मान्य. वाचणाऱ्या सीडी डेकपुरतं मात्र माझं मत तेच.

आणि तुम्ही जे तोंड वितळण्याचं लिहिलंत ना, स्क्रूचं उत्तर तेच आहे. @तबकडीवेडा तो स्क्रू म्हणजे प्रीसेट, फिरवून किंमत बदलता येणारा रेझिस्टर, पिकअपच्या बाजूच्या छोट्या पट्टीवर असतो. कारखान्यात मीटर लावून प्रत्येक डायोडसाठी तो वेगळा सेट केलेला असतो, कारण कुठलेच दोन डायोड सारखे नसतात. तो फिरवला की एपीसीचं लक्ष्यच वर जातं. घाण लेन्समधूनही मग पुरेसा प्रकाश जातो, म्हणून व्हिडिओत प्लेअर चमत्कार झाल्यासारखा चालू होतो, आणि व्हिडिओ तिथेच संपतो! तीन महिन्यांनी काय झालं ते कोणी दाखवत नाही. जुने प्रीसेट आतून खराब झालेले असतात ते वेगळंच, फिरवताना क्षणभर संपर्क सुटला तर काही सर्किटमध्ये करंट एकदम उसळतो आणि डायोड तिथल्या तिथे खलास. चांगला डायोड आणि घाण लेन्स असलेला प्लेअर पाच मिनिटात खरोखरच लेझर गेलेला प्लेअर होतो.

लोकांचा 'लेझरच गेला होता' यावर एवढा विश्वास का बसतो तेही सांगतो. पिकअप बदलला की प्लेअर चालतो, हे खरंच असतं. पण नवीन काय बसवलं ते बघा. सोनीचंच उदाहरण घ्या, केएसएस-२१३ हा नुसता पिकअप झाला, केएसएम-२१३ मागवला तर तोच पिकअप आख्ख्या चौकटीसकट येतो, खालची मोटर नवी, सरकवणारी मोटर नवी, गिअर नवे, रॉडवर ताजं ग्रीस. नुसता पिकअप आणला तरी स्वच्छ लेन्स, न वाकलेले स्प्रिंग, आणि बसवताना माणूस रॉड पुसतोच. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि श्रेय एकट्या लेझरला. जुना पिकअप कचऱ्यात, त्याचा करंट कोणी मोजला? कोणीच नाही.

मोजता येतो. केएसएस मालिकेच्या बऱ्याच पिकअपवर स्टिकर असतो, त्यातले शेवटचे तीन आकडे म्हणजे कारखान्यात मोजलेला करंट, ४८५ असेल तर ४८.५ मिलिॲम्पियर. बोर्डवर लेझरच्या ड्रायव्हर ट्रान्झिस्टरपाशी एक छोटा रेझिस्टर असतो, सगळा करंट त्यातून जातो. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये त्याचा नंबर मिळेल. डिस्क वाजत असताना त्याच्या दोन टोकांवरचं व्होल्टेज मोजा, रेझिस्टरच्या किमतीने भागा. २२ ओहमवर १.१ व्होल्ट आले तर ५० मिलिॲम्पियर. स्टिकरच्या आसपास आला तर डायोड निर्दोष. दहा टक्क्यांहून जास्त वर असेल तर म्हातारपण लागलंय. दीडपट झाला असेल तर त्या दुरुस्तीवाल्याची माफी मागा 😄 मीटरची टोकं घसरू देऊ नका, शेजारच्या पार्टच्या पायाला टेकलं तर सगळंच संपेल. जमणार नसेल तर दोन बारीक वायरी प्लेअर बंद असताना सोल्डर करून बाहेर काढा आणि मग चालू करा.

तबकडीवेडा:

बापरे, एवढं सगळं. स्क्रूड्रायव्हर ठेवला कपाटात, डेकही ॲम्प्लिफायरवरून खाली आणला. सोल्डरिंग येतं थोडंफार. पण आधी लेन्स पुसायची कशी ते सांगा, ती ब्रशवाली क्लीनिंग सीडी मिळते ती वापरू का? आणि लेझर चालू आहे की नाही हे डोळ्यांनी कळतं का?

दुहेरी_थर:

ब्रशवाली डिस्क नको. लेन्स अगदी नाजूक स्प्रिंगवर तरंगत असते आणि ब्रश किती जोरात येऊन आपटतो यावर तुमचा ताबा नाही. कोरडी धूळ निघेलही, चिकट थर तिने निघत नाहीच.

झाकण काढा, प्लग भिंतीतून काढून. हातातलं स्टॅटिक धातूच्या चेसिसला हात लावून घालवा. इअरबडवर आयसोप्रोपिल अल्कोहोल, थेंब गळेल इतकं नाही, नुसतं ओलसर, आणि लेन्सवरून हलक्या हाताने फिरवायचं, वजन टाकायचं नाही, मग कोरड्या बडने एकदा. लेन्स खाली दबते ती आपोआप वर येते, घाबरू नका. ॲसिटोन, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यातलं काहीही चुकूनसुद्धा नको, लेन्स बहुतेक वेळा प्लॅस्टिकची असते, कायमची धुरकट होईल. काचेवर मारायचा स्प्रेपण नको, त्याचा डाग राहतो.

डोळ्यांचं म्हणाल तर सरळ वरून लेन्समध्ये अजिबात बघायचं नाही. सीडीचा लेझर इन्फ्रारेड आहे, दिसतो तो फक्त अगदी फिका लाल ठिपका, त्यावरून वाटतं काही जोर नाही याच्यात, पण न दिसणारा भाग त्याहून खूप जास्त असतो. बंद डब्यात आहे म्हणून प्लेअरवर क्लास १ (लेझरचा सुरक्षित वर्ग) लिहिलेलं असतं, झाकण काढलं की तो हिशेब राहत नाही. मोबाइलचा कॅमेरा तिरका धरून बघा, डिस्क न टाकता ट्रे आत घेतला की लेन्स दोन-तीनदा वरखाली होईल आणि त्याच वेळी पांढुरका-जांभळा ठिपका दिसेल. काही कॅमेऱ्यांत इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर असतो, आधी टीव्हीच्या रिमोटवर तपासून घ्या. ठिपका दिसला म्हणजे लेझर चांगला असं मात्र नाही, एलईडी झालेला डायोडसुद्धा चमकतो. ठिपका दिसलाच नाही तर ते कामाचं.

रॉडग्रीस:

सगळे लेन्सवर अडकलेत, त्याच्या शेवटच्या गाण्यांचं कोणी बोलतच नाही!

सीडी आतून बाहेर वाचली जाते. पहिलं गाणं मध्याजवळ, शेवटचं कडेला. लेझर म्हातारा असेल तर तो सगळीकडे म्हातारा, फक्त कडेलाच कसा होईल? आत चांगलं आणि बाहेर अडखळतंय याचा अर्थ पिकअप रॉडवरून बाहेर सरकताना कुठेतरी अडतोय. जुनं ग्रीस वाळून डिंकासारखं झालेलं असतं. किंवा गिअरच्या दात्यांत केस, कचरा. किंवा पिकअपची रिबन कडेला गेल्यावर ताणली जाते आणि आतून तुटायला आलेली असते, हे पण बघितलंय. एकच तेवढं, ती डिस्कच वाकडी नाही ना बघा, वाकडेपणा कडेलाच जास्त हलतो. दुसऱ्या भरलेल्या डिस्कवर तेच होतंय का तपासा.

याच्या उलट केस पण लक्षात ठेवा. सीडी आत मिनिटाला ५०० च्या आसपास फेरे घेते, बाहेर जाताना २०० पर्यंत उतरते, कारण खुणा लेन्सखालून एकाच वेगाने जायला हव्यात, सेकंदाला १.२ ते १.४ मीटर. म्हणजे फिरवणारी मोटर थकली असेल तर तिची परीक्षा सुरुवातीलाच. आणि डिस्कची अनुक्रमणिका सगळ्यात आतल्या टोकाला असते, ती वाचली नाही की 'नो डिस्क'. लेझरची चूक नसताना 'नो डिस्क' येण्याचा हा दुसरा रस्ता. तशा प्लेअरमध्ये वाजायला लागली की पुढची गाणी पहिल्यापेक्षा बरी वाजतात.

आणि गरम-थंडचं बघा. सुरुवातीला अडखळतो आणि अर्ध्या तासाने सुधारतो, तर ग्रीस आणि बेअरिंग. सुरुवातीला छान आणि तापल्यावर बिघडतो, तर मग डायोड किंवा बोर्डवरच्या एखाद्या आयसीकडे (चिपकडे) संशयाने बघायचं.

रॉड काढून पुसायचा, अल्कोहोलने जुनं सगळं काढायचं, मग पांढरं प्लॅस्टिकला चालणारं ग्रीस अगदी पुसट. दरवाज्याच्या बिजागरीवर मारायचा स्प्रे इथे नको, तो उडून लेन्सवर बसतो आणि थोड्या दिवसांत परत वाळतो.

तबकडीवेडा:

अपडेट देतो. शनिवारी उघडला. लेन्सवर उघड्या डोळ्यांना दिसेल असा पिवळट थर होता, इअरबड चक्क तपकिरी झाला. पुसल्यावर डिस्क पहिल्या फटक्यात वाचायला लागला आणि रिरायटेबलपण घेतली!!! वाचायला जरा वेळ लावतो पण घेतली.

स्टिकरपण सापडला, शेवटचे आकडे ४६७. रेझिस्टर २२ ओहमचाच निघाला, वायरी सोल्डर करून बाहेर काढल्या, मीटरवर १.०६ व्होल्ट. म्हणजे ४८ च्या जरा वर, बरोबर ना?

शेवटची गाणी मात्र अजून तशीच. दुसऱ्या दोन डिस्कवर पण तेच, म्हणजे डिस्क वाकडी नाही. रॉडला अजून हात लावलेला नाही, पिकअप काढायची भीती वाटते.

प्रीसेट_नको:

४८.२ येतो. कारखान्यातल्यापेक्षा जेमतेम ३ टक्के वर, तुमच्या मीटरची आणि रेझिस्टरची चूकच तेवढी असेल. तो डायोड अजून तरुण आहे. वायरी काढून टाका आता.

जळका_डायोड:

@तबकडीवेडा पिकअपची रिबन काढायची गरज पडली तर आधी ऐका. रॉड काढायला बऱ्याच डेकमध्ये रिबन न काढताही चालतं, पिकअप बाजूला उचलून धरता येतो, जमलं तर तसंच करा. काढावीच लागली तर काढल्याक्षणी पिकअपच्या पट्टीवरचे लेझरचे दोन पॉइंट सोल्डरच्या थेंबाने शॉर्ट करा, तिथे त्यासाठी जागा ठेवलेली असते, आणि रिबन परत लावून झाल्यावरच तो थेंब काढा. नवे पिकअप येतात ते पण असा थेंब लावूनच येतात. तो काढायचा विसरून 'नवीन पिकअप पण डेड निघाला' म्हणणारे कमी नाहीत 😄

रॉडग्रीस:

रिबन काढू नका, गरज नाही. एका बाजूचा क्लिप किंवा स्क्रू सैल केला की रॉड लांबीच्या दिशेने ओढून बाहेर येतो. त्याआधी प्लेअर बंद असताना मोठा गिअर बोटाने फिरवून पिकअप आतून बाहेर न्या आणि बोटाला काय लागतं ते बघा. एकाच ठिकाणी दर फेरीला टक्‌ असं जाणवलं तर गिअरला चीर आहे किंवा दात्यात काही अडकलंय, नुसतं ग्रीस बदलून जाणार नाही ते. सगळीकडे सारखं जड लागलं तर ग्रीस. कडेच्या शेवटच्या भागातच जड झालं तर रिबन कुठे घासतेय का वरून टॉर्च मारून बघा.

तबकडीवेडा:

आत्ताच फिरवून बघितलं. बाहेरच्या अर्ध्या भागात एकसारखं जड लागतंय, टक्‌ वगैरे काही नाही, रिबन पण मोकळी आहे. रॉडच्या त्या भागावर तांबूस चिकट काहीतरी दिसतंय, आतल्या भागावर नाही. पांढरं ग्रीस आणून रविवारी रॉड काढतो.